पत्ता सगळ्यात खाली

ताईच्या दुकानात आरसा नव्हता. बुटांच्या दुकानात आरसा असतोच, पण इथे येणाऱ्यांना स्वतःचे पाय बघायची हौस नसे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाला मधुमेहामुळे तळव्यात खिळा घुसला तरी कळत नसे. ताई जमिनीवर बसकण मारायची, ते पाऊल मांडीवर घ्यायची आणि गप्पांच्या ओघात अंगठ्याने सगळं चाचपून बघायची. "इथे दाबलं तर कळतंय? नाही ना? मग इथेच मऊ घालू." माणूस लाजत आत यायचा आणि हसत बाहेर पडायचा. वडिलांनी शिकवलेला धंदा तिने एकटीने पुढे नेला होता. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोकांच्या पायाशी बसते. घरी जाऊन आणखी कुणाच्या पायाशी बसू?"

मग रस्ता रुंद झाला आणि त्यात दुकान गेलं. जागा मिळाली ती मागच्या गल्लीत, लाकडाच्या वखारीला लागून. जुना फोन जुन्या जागेबरोबर बंद पडला. नव्या पत्त्याची पाटी तिने पाडलेल्या भिंतीपाशी लावली होती, तीही राडारोड्यात कुठे गेली कळलं नाही. तिची गिऱ्हाइकं लांबलांबून येणारी, वर्षा-दोन वर्षांतून एकदा. त्यांना सांगायचं कसं?

"ताई, तू काळजी सोड. तुझी वेबसाइट मी करतो," धाकटा भाऊ म्हणाला. तो जाहिरातींच्या कंपनीत कामाला होता. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं, शिकवलं होतं. बहिणीसाठी काही करायची संधी मिळाली म्हणून त्याने सुट्ट्या मोडल्या, बायकोचा रुसवा पत्करला आणि स्वतःला कामाला जुंपलं.

तयार झाल्यावर त्याने ताईला घरी बोलावलं आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर वेबसाइट लावली. समुद्राकाठी पांढरे बूट घालून एक मुलगी धावत होती. पाठीमागे संगीत. मुलीचे पाय कसे, तर मूर्तीला असावेत तसे. तिच्यावरून अक्षरं तरंगत आली, पांढऱ्यावर फिकट राखाडी.

"काय लिहिलंय रे?" ताईने डोळे बारीक केले.

"'प्रत्येक पाऊल, एक कविता.' आवडलं?"

"छान आहे. पण आपण काय बनवतो ते कुठे आहे?"

"लोकांना ते जाणवायला हवं गं. 'वाकड्या पायांचे बूट मिळतील' असं लिहिलं तर कोण थांबेल?"

"आणि नंबर?"

"नंबर वर टाकला की सगळा देखणेपणा जातो. सगळ्यात खाली एक चित्र आहे, त्यावर दाबलं की पत्ता, नंबर, सगळं उघडतं."

ताईच्या मनात आलं, इतकं खाली जाणार कोण? पण भावाचा चेहरा नुसता फुलला होता. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "झकास केलंस," ती म्हणाली. पुढे कितीतरी रात्री तिला हेच दोन शब्द छळणार होते.

दुकान थंड पडलं. एरवी या दिवसांत हाताला उसंत नसायची, आता ताई चामड्याचे तेच तुकडे पुन्हा पुन्हा लावून ठेवायची. कधीमधी एखादा तरुण डोकवायचा, धावण्याचे बूट मागायचा आणि आतला पसारा बघून काढता पाय घ्यायचा. नव्या जागेला वेळ लागतोच, असं ती स्वतःला बजावत राहिली.

एका दुपारी एक बाई विचारत विचारत आली. पोस्टातल्या बाईंची सून. पोस्टातल्या बाई म्हणजे ताईचं फार जुनं गिऱ्हाईक. खिडकीवर उभं राहून नोकरी केलेली, दोन्ही तळवे बधिर. ताईच्या बुटांवरच त्यांनी निवृत्तीपर्यंत मजल मारली होती.

"या या! सासूबाई कशा आहेत? जोड झिजला असेल ना आता?"

सून खाली बघत म्हणाली, "एकच बूट हवाय, ताई. डाव्या पायाचा."

ताईला क्षणभर अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिने विचारलं, "कसं झालं हे?"

"जोड फाटला होता. बाजारातला घेतला. तो आतून घासत होता, त्यांना कळलंच नाही. जखम चिघळली. शेवटी गुडघ्याखालून..." सुनेने हाताने गुडघ्याखाली रेघ दाखवली. "आम्ही शोधलं हो तुम्हाला. जुन्या जागी गेलो, तिथे नुसता रस्ता. मग फोनवर शोधलं."

तिने फोन पुढे केला. फोन साधाच, काच तडकलेली. पडद्यावर चक्र गरगरत राहिलं. खूप वेळाने ती धावणारी मुलगी आली, अडखळली, थिजली. सुनेने बोट सरकवलं, तर फिकट अक्षरं एकमेकांवर चढली. अगदी तळाशी, चित्राच्या जागी कोरी चौकट. ताईने तिच्यावर दाबलं, पुन्हा दाबलं. काही उघडलं नाही.

"सासूबाईंनी ते चित्र बघितलं आणि म्हणाल्या, बंद कर. तिने आता मोठ्या लोकांचं दुकान काढलंय. आपल्यासारख्यांचं तिथे काय काम? म्हणून तेव्हा शोधणं सोडलं. आज मी एकटीच दारोदार विचारत आले."

ताईने बूट केला. आजवर इतक्या निगुतीने काही केलं नसेल. घालायला स्वतः गेली. पोस्टातल्या बाईंनी तिचा हात धरला आणि उलट तिचीच समजूत काढली. "माझंच चुकलं गं. नीट बघायला हवं होतं मी." त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून ती तडक भावाकडे गेली. त्याने आधी वाद घातला. "फोन जुना असेल त्यांचा. माझ्याकडे तर पटकन उघडतं."

"माझी गिऱ्हाइकं म्हातारी आहेत रे. त्यांचे फोन जुनेच असणार."

मग तिने पायाचं सांगितलं. भाऊ म्हणाला, "तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू इतक्या हौसेने केलं होतंस."

त्याने त्याच आठवड्यात सगळं बदललं. मुलगी गेली, संगीत गेलं. सगळ्यात वर ठळक काळ्या अक्षरांत नंबर, खाली पत्ता आणि एकच ओळ: दुखऱ्या आणि बधिर पायांसाठी मापाचे बूट. पण फोन आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काही लोक दुसरीकडे वळले होते, काही जसं मिळेल तसं घालून चालत होते, आणि काही नव्हतेच आता. जागा वखारवाल्याची, त्याला ती परत हवी होती. ताईने हुज्जत घातली नाही, दुकान आवरलं.

आता ती स्लिपरच्या कारखान्यात जाते. सरकत्या पट्ट्यावरून चपला येतात, ती कडेचा जास्तीचा डिंक पुसते. पोस्टातल्या बाई त्या बुटावर फारशा उभ्या राहिल्याच नाहीत, पावसाळ्यात गेल्या. सुनेने कळवलं होतं, पण ताईला जाववलं नाही.

रविवारी भाऊ येतो. येताना फळं आणतो, नळ गळत असला तर दुरुस्त करून देतो, सारखं काहीतरी करत राहतो. ताई त्याला जेवायला वाढते. एकदा वाढता वाढता ती म्हणाली, "तुझा काही दोष नाही." त्याने मान हलवली. त्यालाही ते खरं वाटलं नाही, आणि तिलाही.