ओरखडा न पडलेली गाडी

रिमोटवर चालणारी ती लाल गाडी चष्मेवाल्यांनी घेतली, त्या काळी असला शौक करायचा तर खिसा गरम आणि बायको समजूतदार, दोन्ही लागायचं. खिशाची बोंब होती, म्हणून त्यांनी स्कूटर विकली आणि दुकानात पायी जायला लागले. बायको समजूतदार आहे असं ते सगळ्यांना सांगत. ती पिशवी उचलून पायीच बाजाराला निघे.

दर रविवारी सकाळी बाजारामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी फिरे. आधी चष्म्याच्या मऊ फडक्याने ती पुसायची, मग तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी तशी जपून वळवायची. खड्डा दिसला की लांबून वळसा. कुणी रिमोट मागितला की बॅटरी उतरलेली असे. बघायला गर्दी जमायची आणि चष्मेवाल्यांची मान ताठ व्हायची.

पण पुढे गाड्यांचे भाव धडाधड उतरले. आधी इस्त्रीवाल्याने एक आणली, मग प्लंबरने. चष्मेवाल्यांनी त्यांना खेळणी म्हणून उडवून लावलं. मग एक दिवस किराणा दुकानात साबणाशेजारी तसल्याच गाड्या टांगलेल्या दिसल्या आणि त्यांना रात्री जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात बायको साखरेबरोबर एक हिरवी गाडी घेऊन आली.

"ही कशाला आणलीस?"

"त्याच्याकडे सुटे नव्हते," ती म्हणाली.

रविवारी प्लंबरने शर्यत लावून दिली. चष्मेवाल्यांनी मोठ्या मनाने बायकोला अर्धं मैदान पुढे सोडलं. तिने जन्मात गाडी चालवलेली नव्हती. हिरवी गाडी आधी खांबावर आदळली, मग प्लंबरच्या पायावर, मग उलटली. प्लंबरने ती सरळ केली आणि ती तशीच डबक्यातून चिखल उडवत सुटली. लाल गाडी डबक्याला वळसा घालत होती तेवढ्यात शर्यत संपली.

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. सूर्य डोळ्यांवर येत होता, जमीन उताराची होती, असं बरंच काही ते बोलले. बायकोने त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि आपला दिला.

"अहो, एकदा ही हाणून तर बघा."

त्यांनी हाणली, ती थेट भिंतीवर. त्यांनी डोळे घट्ट मिटले. उघडून बघतात तर गाडी उताणी पडून चाकं फिरवत होती. इस्त्रीवाल्याने ती सरळ केली. चष्मेवाल्यांनी पुन्हा भिंत गाठली, या वेळी मुद्दाम, आणि त्यांना असं काही हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन एक पिवळी गाडी आणली. आता नवराबायको रविवारी एकमेकांना ठोकत असतात. लाल गाडी दुकानात चष्म्यांच्या कपाटात ठेवलीय. गिऱ्हाइकाने तिची किंमत विचारली, की चष्मेवाले त्याला घाईघाईने नंबर तपासायच्या खुर्चीत बसवतात.