उभ्या गाडीतला दिवा

आमची गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. या महिन्यात तिसऱ्यांदा बसली, तेव्हा वैतागून मी गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या शकीलला घरी बोलावलं. त्याने चार्ज केलेली बॅटरी बसवून तिला मीटर लावला. किल्ली माझ्या हातात, दारं बंद, तरी मीटरवर आकडा होताच. बंद गाडीत काहीतरी गुपचूप वीज पीत होतं. त्याने एकेक फ्यूज उपसून पाहिला, पण आकडा हलेना. मी अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

निवृत्त होऊन मला दोन महिने झाले. मीही उभाच आहे. कुठे जात नाही, काही करत नाही, तरी संध्याकाळपर्यंत पार गळून जातो. आत कसली वायर चालू राहिली आहे, कोण जाणे.

"काका, सापडलं!" शकील ओरडला. बॅटरीवरून थेट निघालेली एक बारीक वायर डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी गेली होती. मागचा इवलासा बल्ब उन्हात दिसतही नव्हता. गाडीच्या पूजेच्या दिवशी मीच तो हट्टाने तसा जोडून घेतला होता, किल्ली काढली तरी विझू नये म्हणून.

"तुम्ही रोज ऑफिसला जायचात, तेव्हा गाडी चालताना भरून निघायचं," तो म्हणाला. "आता तोडू वायर?"

मी बल्बला बोट लावलं. कोमट होता.

दारातून बायको म्हणाली, "दिवा राहू दे रे. गाडी रोज सकाळी बाहेर काढू. आणि गाडीबरोबर यांनाही."