खिडकी नसलेल्या केबिनमधून पनामा

अरविंदकाका गेल्याचा वसुधाकाकूंचा फोन आला, तेव्हा मी टोकियोत हिगाशी-कसाईच्या घरी कचऱ्यातल्या बाटल्या आणि झाकणं वेगळी करत होतो. काका असते तर म्हणाले असते, "आधी कचरा नीट लाव, मग रड." योकोहामात आयुष्य काढलेला हा माणूस तसाच कडक. माझे ऑफिसातले वरिष्ठ. तिथे अरविंद-सान, घरी काका.

पनामा कालव्याचं त्यांना वेड. दारं मिटतात, पाणी भरतं आणि एवढी मोठी बोट पायरी-पायरीने वर चढते, हे ते जेवताना वाट्या मांडून समजवायचे. तोवर काकूंची आमटी गार! आजार कळल्यावर डॉक्टरांचं न ऐकता दोघं योकोहामाहून जगप्रवासाच्या बोटीवर चढले. मिळाली ती बिनखिडकीची केबिन.

...आणि नेमके कालव्याच्या दिवशी काका उठूच शकले नाहीत. "वसू, तू वर जाऊन बघ आणि मला सांग," म्हणाले. काकू दाराबाहेर आल्या, पण पुढे पाऊल टाकवेना. आपण वर असताना ह्यांना काही झालं तर? त्या बाहेरच बसून राहिल्या. स्पीकरवर जपानीत काही सांगत होते, त्यात पनामाचं नाव आलं. काकूंचं जपानी बाजारहाटापुरतं. त्यांना वाटलं, शिरली बोट. आत जाऊन त्यांनी वाट्यांवर शिकलेलं सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं रंगवून सांगितलं. काका एकेक विचारत राहिले. दुपारी बोट खरोखर कालव्यात शिरली तेव्हा ते औषधाने गाढ झोपले होते.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर काकू रडायलाच लागल्या. "शेवटी मी ह्यांना फसवलं रे."

मला राहवेना. प्रवासाहून परतल्यावर हॉस्पिटलमध्ये काका जे बोलले होते ते सांगून टाकलं. आपला नंबर अजून यायचाय, बोट बाहेरच थांबलीय, असं स्पीकरवर सांगत होते. केबिनमध्येही ते ऐकू येत होतं, आणि काकांना जपानी उत्तम यायचं.

"मग इतके प्रश्न कशाला विचारत होते?"

"काका म्हणाले, विचारत राहिलो म्हणून ती शेजारी बसून राहिली."

मलाही काका फार हवेसे वाटले. मग काकू उठल्या, काकांच्या रिकाम्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि खिडकीतून बंदराकडे बघत म्हणाल्या, "अहो, एक बोट निघालीय..."

मग पलंगाकडे वळल्या.

"खरंच निघालीय."