यमुनावहिनीचा दात

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पोरांपाशी नाही. आणि ज्याला सांगायलाच हवं होतं तो माझा थोरला भाऊ, किसनदादा, त्याच्यापाशी तर नाहीच. दादा मागच्या हिवाळ्यात गेला. आता सांगून काय उपयोग, असं तुमच्या मनात आलं असेल. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

आधी शाळेचं सांगतो. खरं म्हणजे शाळेचं बोलायला लागलो की मी तिच्या आडोशाला जाऊन लपतो — हे मला कळतं. तरी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आम्ही अकोल्याजवळचे माळी. वांगी, मेथी, झेंडू, हेच आमचं. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हा दादानं अर्धा मळा मोडून कापूस पेरला. घरात पैसा खेळू लागला. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, आणि दादाच्या डोक्यात एक भरलं — धाकट्याला डॉक्टर करायचं.

अमरावतीला तेव्हा एक गोरा डॉक्टर होता. दवाखान्याच्या मागच्या खोल्यांत तो काही पोरांना दात काढायचं, हिरड्या चिरायचं, जखमा बांधायचं शिकवायचा. गावातले लोक त्या जागेला हसून दाताची शाळा म्हणत. मी तिथं गेलो तो केवढ्या उमेदीनं! आणि केलं काय? वरच्या वर्गातल्या पोरांची धोतरं धुतली. त्यांच्या अंघोळीचं पाणी तापवलं. रक्ताची भांडी विसळली, दुखणेकऱ्यांची डोकी दाबून धरली. दोन सुगी अशाच गेल्या. साहेब सकाळी फेरी मारून निघून जायचा, मग राज्य वरच्या पोरांचं. आलेला दुखणेकरी ते आपसात वाटून घेत. आम्हाला दात उपटायच्या जंबुराला हात लावू देत नसत, आणि वर विचारत, तुला अजून काही येत कसं नाही?

एकदा मला एक दात काढायला मिळाला. तो मुळापाशी मोडला. संध्याकाळी वरच्या पोरांनी तो तुकडा दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला आणि मला साऱ्या खोल्यांतून फिरवलं. माझ्यासोबत शिकणारा बाळापूरचा करीम तेवढा हसला नाही. बाकी सगळे हसले. राग कुणावर काढायचा? मी तो आतल्या आत गिळला — आणि तुम्हाला वाटत असेल की मी मनाशी ठरवलं, आपण असं कुणाशी वागायचं नाही. छे. मी ठरवलं ते एवढंच, की पुन्हा आपला दात मोडता कामा नये.

त्या शाळेत आणखी एक शिकवण होती. दुखणेकऱ्याच्या बोलण्यावर जायचं नाही. त्याला वाटतं एक दात दुखतो, असतो दुसराच. ही गोष्ट कधीकधी खरीही असते. म्हणून तर ती इतकी सोयीची.

परीक्षा आली. साहेबासमोर एक दाढ काढायची, मुळासकट, अख्खी. मोडली तर परत खालच्या वर्गात — परत धोतरं, परत भांडी. आणि दुखणेकरी ज्याचा त्यानं आणायचा. कापूस वेचणीचे दिवस. शेतातल्या, सरकी काढायच्या जिनातल्या माणसाला मरायला फुरसत नव्हती, दाढ दाखवायला कोण येणार?

मी अकोल्याला गेलो आणि यमुनावहिनीला घेऊन आलो. दादाची बायको. तिची खालची एक दाढ बरेच दिवस ठणकत होती. लवंग धरून ती कामं उरकायची. कापसाच्या गाड्या अमरावतीला निघाल्या होत्या, त्यांतल्या एकीवर गाठोड्यांना टेकून ती बसली. माहेर सोडल्यावर एवढा लांब प्रवास तिनं पहिल्यांदाच केला होता. वाटेत सगळ्यांना सांगत होती, आमचे भाऊजी काढणार आहेत दाढ, मले काही भ्याव नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिचं तोंड पाहिलं. किडलेली दाढ वरून पोकळ झाली होती, नुसती टरफलं उभी. जंबूर लावला असता तर चुरा झाला असता. तिच्या पुढची दाढ मात्र धडधाकट. जंबुरात घट्ट बसेल अशी.

कळलं ना तुम्हाला, मी कुठं चाललोय ते?

चूक झाली असं मी म्हणू शकलो असतो. हात घसरला, घाई झाली, पोरवय होतं. पण माझ्या कनवटीला त्या सकाळी एक दाढ होती. आठवड्यापूर्वी काढलेली, कुणाची तरी, किडलेली, मुळं शाबूत. साहेबाला दाखवायला ती मी भांड्यातून उचलून धुऊन ठेवली होती. चुकणारा माणूस अशी तयारी करतो का?

साहेब खिडकीशी खुर्चीत बसला. करीमनं वहिनीचं डोकं धरलं. मी जंबूर तोंडात घातला आणि तिनं एकदम माझं मनगट पकडलं. जंबूर बाजूला करून, बोट दाखवून, अगदी स्पष्ट बोलली.

"भाऊजी, हा नाही. याच्या मागचा."

साहेबाला वऱ्हाडी कळत नव्हती. त्यानं हिंदुस्थानीत विचारलं, काय म्हणते ती?

मी म्हणालो, "घाबरली आहे, साहेब."

करीमनं माझ्याकडे पाहिलं. त्याची पाळी माझ्यानंतर होती. त्यानं डोकं पुन्हा धरलं.

बधीर करायची सोय तेव्हा आमच्याकडं नव्हती. निरोगी दाढ सुखासुखी सुटत नाही. वहिनी ओरडली नाही — परक्या पुरुषांपुढं कशी ओरडणार? तिच्या टाचा तेवढ्या जमिनीवर घासत होत्या. दाढ आली, अख्खी. मी पाठ वळवून ती धुतल्यासारखं केलं आणि कनवटीची साहेबाच्या हातावर ठेवली. त्यानं मुळं अंगठ्यानं चाचपली आणि मान डोलावली. मी पास झालो.

इथंच थांबलो असतो तरी माणसात राहिलो असतो. खरं सांगतो. नंतर गुपचूप ती दुसरी दाढ काढून दिली असती, पाय धरले असते. नाही केलं. बोभाटा होईल, कुणीतरी साहेबाच्या कानावर घालील — ही भीती.

वहिनी घरी गेली, दाढ ठणकतच राहिली. तिनं सांगितलं सगळ्यांना. दुखरा दात तोंडातच हाय, भाऊजींनी दुसराच काढला. मी सणाला घरी गेलो तेव्हा अंगणात चार माणसं बसली होती. दादानं मला सर्वांदेखत विचारलं, दाढ बरोबर काढली ना रे?

ती दारात उभी होती. पदर गालाशी धरून माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती.

"काढली ना," मी म्हणालो. "तिले दुखायची सवय झाली आहे, दादा."

सगळे हसले. आई म्हणाली, वेचणीला जायचं असलं की हिचं काही ना काही दुखतेच. तेव्हापासून घरात तेच झालं. डोकं दुखतं म्हणाली की हसू, कंबर धरली की हसू. गाल सुजला, आतून फुटला, ती दाढ तुकड्यातुकड्यांनी आपसूक पडली. तरी कुणी म्हटलं नाही की बाई खरं बोलत होती. मग हळूहळू तिनं सांगणंच सोडलं. घरच्यांना वाटलं, सुधारली. मलाही तसं वाटून घेणं बरं वाटलं.

पुढं लढाई संपली, भाव पडला, दादानं पुन्हा वांगी लावली. मला अमरावतीच्याच दवाखान्यात जागा मिळाली. वरचा झाल्यावर मीही पोरांकडून धोतरं धुऊन घेतली — तेही सांगून टाकतो.

एका उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाला घरी गेलो. वहिनी विहिरीवरून येत होती. मध्येच घागर खाली ठेवून वाकली आणि कुणी पाहत नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं. अंगावर मांस उरलं नव्हतं. मी जवळ गेलो. विचारलं, "वहिनी, कुठं दुखून राहिलं?"

ती सरळ झाली. पदर नीट केला. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर तो आवाज जात नाही.

"तुमीच सांगा, भाऊजी."

मी पोटाला हात लावला. आत दगडासारखी गाठ होती. किती महिन्यांची, तिलाच ठाऊक. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बोंडं फुटायच्या आत ती गेली.

तेराव्याला पंगत उठल्यावर पाहुणे अंगणात टेकले होते. दादा डोळे पुसत म्हणाला, "कधी बोललीच नाही हो ती. बोलली असती तर डॉक्टर घरातच होता."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.