भाता ओढणाऱ्याची मुलगी

पुलपिटवरून पास्टरसाहेब माझ्या बापाची गोष्ट सांगत होते आणि मी मागच्या दारात चहाची किटली धरून उभी होते.

गोष्ट मी लिहिलेली. ऑफिस सुटल्यावर बसून टाइप केलेली. त्या दिवशी गुडगावच्या नव्या कॉलनीत आमच्या मराठी मंडळीचा नवा हॉल उघडत होता. इतकी वर्षं आम्ही दिल्लीत दुसऱ्यांच्या चर्चमध्ये, त्यांची उपासना संपल्यावर, भर दुपारी जमायचो. आता आमचं स्वतःचं छप्पर. महाराष्ट्रातून सहा पाळक आले होते, ते पहिल्या रांगेत. मानेसरच्या कंपन्यांमधले साहेब आणि त्यांच्या मिसेस दुसऱ्या रांगेत. त्यांच्या मागे सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमधले आम्ही आणि छावणीतल्या फौजींची दोन-चार कुटुंबं. अगदी शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, माझे बाबा.

उपदेशाचा विषय होता, पुढाऱ्यांनी हाताखालच्या गुणी माणसांना कसं वाढवावं. विषय पास्टरसाहेबांनीच निवडला होता. माणसाला लाज नसली की कुठलाही विषय निवडता येतो.

"माझ्या आजोबांच्या चर्चमध्ये," ते म्हणाले, "ऑर्गनचा भाता ओढणारा एक गरीब माणूस होता. आजोबांनी त्याचं टॅलेंट ओळखलं. हाताला धरून त्याला पेटीवर बसवलं. बंधुभगिनींनो, याला म्हणतात लीडरशिप."

पहिल्या रांगेतून "आमेन" आलं. दुसऱ्या रांगेत एका बाईंनी डोळे पुसले.

मी असं लिहिलं नव्हतं.

मी काय लिहिलं होतं ते सांगते. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, मिशनचं. पणजोबा महारवाड्यातून मिशनच्या कंपाउंडात आले. बाप्तिस्मा झाला. नावं बदलली. चर्चमधला बाक मात्र मागचाच मिळाला, आणि तोच पुढे आजोबांना आणि बाबांना मिळाला. बाबा त्या चर्चचे शिपाई. चोविसाव्या वर्षी, लग्न झालेला बाप्या माणूस. झाडलोट करायची, घंटा वाजवायची आणि रविवारी पडद्यामागे उभं राहून ऑर्गनचा भाता ओढायचा. मागे एक लाकडी दांडा असायचा. तो खालीवर केला की हवा भरायची, मग पुढे बसलेल्या बाई वाजवायच्या. दांडा थांबला की सूर मेला. वाहवा बाईंची. घाम बाबांचा.

सहा वर्षं ओढला. पडद्यामागून ऐकून ऐकून सगळी गीतं पाठ झाली. चर्च रिकामं असलं की हवा न भरता नुसत्या पट्ट्यांवर बोटं फिरवायचे. आवाज न करता शिकले माझे बाबा. एका रविवारी बाईंना ताप आला. मंडळी नुसतीच बसून राहिलेली. बाबांनी शेजाऱ्याच्या हातात दांडा दिला, पडद्याबाहेर आले आणि तीन गीतं वाजवली. एकही चूक नाही.

उपासना संपल्यावर तिथल्या पाळकांनी वाजवण्याबद्दल एक शब्द काढला नाही. चार पिढ्यांपूर्वी ब्राह्मण होतो हे येशूपेक्षा जास्त लक्षात ठेवणारं घराणं त्यांचं. त्यांनी एवढंच विचारलं, "हात धुतले होतेस?" मग एक ओलं कापड मागवलं. लोक बाहेर पडत होते आणि त्यांच्यादेखत बाबांनी एकेक पट्टी पुसली. पुढच्या महिन्यात त्यांनी दिल्लीची गाडी धरली. एका मंत्रालयात दफ्तरी म्हणून, फायली बांधायच्या-लावायच्या कामाला लागले. त्यानंतर पेटीला हात लावला नाही. आमच्या मंडळीत हार्मोनियम आहे. बाबा तिच्या शेजारीसुद्धा बसत नाहीत.

हे असं मी लिहिलं होतं, आणि शेवटी एक ओळ, की हाताखालच्या माणसाला वाढवायचं तर आधी त्याच्या हातात ओलं कापड देणं बंद करा. पास्टरसाहेबांनी कापड गाळलं. ओळ गाळली. माझ्या बापाच्या अपमानावर त्यांनी आपल्या आजोबांचा पुतळा बसवला.

आता या पास्टरसाहेबांविषयी. पुण्याचे. तसल्याच घराण्यातले, म्हणून कॉन्व्हेंटात शिकलेले. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्ही कंपाउंडवाले का?"

मी हो म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी आमच्या घरी कधी पाणी घेतलं नाही. घाई असायची म्हणे.

मराठी लिहायला बसले की त्यांना घाम फुटायचा. म्हणून पाच वर्षं त्यांचे उपदेश मी लिहिले. ते फोनवर अर्ध्या इंग्रजीत तीन मुद्दे सांगायचे, बाकी सगळं माझं. मी राजभाषा विभागात टायपिस्ट. मशीन हिंदीचं, त्यावर ळ नाही. पाळक, मंडळी, फळ, काळजी, प्रत्येक ळ मी पेनाने भरायची. पुलपिटवर त्यांचं कधी अडू नये म्हणून.

"तुझ्यात वरदान आहे बेटा," ते म्हणायचे. "मी तुला घडवतोय. पण तू अजून तयार नाहीस."

पाच वर्षं मी तयार नव्हते. मंडळीत नव्याने आलेल्या एका मॅनेजरच्या मिसेस पहिल्याच महिन्यात पुलपिटवर चढल्या, नव्या फ्लॅटबद्दल देवाचे आभार मानायला. त्या तयार होत्या.

आणि मी मूर्ख. मला वाटलं, बाबांची गोष्ट लिहून दिली की वाचताना यांना शरम वाटेल, मान खाली जाईल. बाबांना विचारलंही नाही. ती चूक माझी, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

उपदेश संपला. टाळ्या झाल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, पण उजव्या हाताची बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर फिरत होती. एकेक पट्टी पुसावी तशी.

चहाच्या वेळी पास्टरसाहेबांनी मला पाहुण्यांपुढे बोलावलं. "ही आमची टायपिस्ट. एकदम हम्बल मुलगी. मी हिला ग्रूम करतोय." आणि मग माझ्याकडे वळून, "बेटा, सरांना साखर कमी."

मी किटली खाली ठेवली.

"भाता ओढणारे माझे वडील," मी म्हटलं. "ते काय, शेवटच्या बाकावर बसलेत. त्यांना कुणी पेटीवर बसवलं नाही. पेटी पुसायला लावली. गोष्ट मी लिहिली होती. तुमचे आजोबा तिच्यात कुठेच नव्हते."

सहा पाळक कपात बघू लागले.

पास्टरसाहेब हसले. त्यांना तेवढं छान जमतं. "बेटा, तू थकलीयेस. चलो, नंतर बोलू. सेवेत अहंकार नसतो."

"अहंकार नाही," मी म्हटलं. "नाव आहे. माझं आणि माझ्या बापाचं. आणि साखर सरांनी स्वतः घ्यावी."

सरोजिनी नगरला बसमधून उतरल्यावर बाबा म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं. कागदाला सांगितलं नव्हतं." मी माफी मागितली. त्यांनी दिली की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी गेले. पर्समध्ये त्या रविवारच्या उपदेशाचा टाइप केलेला कागद होता. दारात पास्टरसाहेबांनी सवयीने हात पुढे केला.

"हा मी वाचणार," मी म्हटलं.

"तू अजून तयार नाहीस. आणि मंडळीही तयार नाही."

"मग मंडळी तयार होईपर्यंत तुमचं तुम्ही लिहा."

त्या दिवशी ते आठ मिनिटं बोलले. तीन मुद्दे होते, तेच तीनदा सांगितले. मध्येच हिंदीत शिरले, तिथून इंग्रजीत, मग गीत सांगून खाली बसले. मी पहिल्या रांगेत होते, मांडीवर कागद ठेवून. मला दया आली नाही. पाच वर्षं ज्याला मंडळी विद्वान समजत होती, तो माणूस एवढाच होता.

तेव्हापासून मी दर रविवारी जाते, आणि पुढेच बसते. कागद माझ्याजवळ असतो. पुलपिटवर बोलावलं तर तिथून वाचेन. नाही बोलावलं तर हॉलच्या पायरीवर उभी राहून वाचेन, माझं नाव आधी सांगून. ज्यांना पुढे जायचं असेल त्यांनी मला ओलांडून जावं. पण दुसऱ्याच्या तोंडासाठी एक ओळसुद्धा लिहिणार नाही. एक ळसुद्धा भरणार नाही.

दांडा मी सोडलाय. त्यांचा ऑर्गन वाजत नसेल, तर न वाजू दे.