आरसा वरच्या आक्कांकडे

टाकून दिलेलं लाकडी सामान उचलून घरी आणायची सवय मला आकुर्डीत आल्यावर लागली. लग्नानंतर आम्ही दोघं लातूरहून दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन इथे आलो. नवऱ्याला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली होती. तळमजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट मिळाला, पण घरात बसायला फरशीशिवाय काही नव्हतं. अशात एकदा स्टेशनकडून चालत येताना एका कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवलेली तीन पायांची खुर्ची दिसली. तिचा चौथा पाय तिच्याच बैठकीवर व्यवस्थित ठेवलेला होता. इतक्या प्रेमानं टाकलेली वस्तू तशीच सोडून येणं मला जमलं नाही. गम लावून आणि सुतळीनं आवळून मी तो पाय बसवला. खुर्ची अजून घरात आहे आणि पाहुण्यांना आम्ही तीच देतो, कारण बाकीच्या खुर्च्यांचं काही सांगता येत नाही.

त्यानंतर मला चटकच लागली. लोक मॉड्युलर फर्निचर करायला लागले आणि जुनं सागवान खाली येऊ लागलं. मी पॉलिश पेपरनं घासायला शिकले, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं चढवायला शिकले. नवरा म्हणायचा, "आपण राहतो ते घर आहे की गोडाऊन, हे मला एकदा लिहून दे." पण उचलायला यायचा. त्याच्याशिवाय एकटीला जड वस्तू हलत नव्हत्या आणि ते त्यालाही माहीत होतं.

एका रविवारी सकाळी कचरा टाकायला गेले तर डब्यांशेजारच्या कोपऱ्यात एक ड्रेसिंग टेबल उभं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकला गेला होता आणि नव्या मालकांनी आधीच्यांचं सगळं सामान खाली उतरवलं होतं. टेबलावर ऑइलपेंटचे इतके थर होते की कोपरे गोल झाले होते. वरचा रंग पिस्ता होता. जिथे टवका उडाला होता तिथे खालचा चॉकलेटी दिसत होता आणि त्याच्याही खाली काहीतरी निळं होतं. पण पाय लेथवर कातलेले, खणांना पितळी कड्या, आणि वर दोन नक्षीदार खांबांच्या मधोमध एक लंबगोल आरसा, पुढे-मागे झुकवता येणारा. मी कचऱ्याचा डबा तिथेच ठेवून धावत घरी गेले.

नवरा चहा पीत होता. माझं तोंड बघूनच त्यानं कप खाली ठेवला. "किती जड?" एवढंच विचारलं.

आरसा खांबांसकट वर उचलला की टेबलापासून वेगळा होत होता. तो आम्ही भिंतीला टेकवून ठेवला आणि आधी टेबल आत नेलं. दारात ते अडकलं, आडवं केलं, नवऱ्याचं बोट चेंगरलं, त्यावर हळद लावली. एवढं करून आरसा आणायला गेलो तर जागेवर फक्त माझा कचऱ्याचा डबा.

गेटवर वॉचमनकाका होते. मी विचारलं, "काका, इथे आत्ता एक आरसा होता."

"होता," काका म्हणाले.

"मग कुठे गेला?"

"वर."

"वर म्हणजे?"

"वरच्या आक्कांनी नेला."

"आक्कांनी? त्यांना तर गुडघ्यामुळे घराबाहेरसुद्धा पडवत नाही."

काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणजे त्यांनी बाल्कनीतून सांगितलं आणि मी नेऊन दिला. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

तेही खरंच होतं. आक्का दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या मुलांपासून दूधवाल्यापर्यंत सगळेच त्यांना आक्का म्हणत. आमची बिल्डिंग उभी होती ते त्यांचं शेत. मुलांनी ते बिल्डरला दिलं आणि बदल्यात फ्लॅट घेतले. आक्कांनी व्यवहार मान्य केला होता, पण त्यांच्या डोक्यातला नकाशा बदललेला नव्हता. "लिफ्ट हाय ना, तितं आमची हीर व्हती," त्या सांगायच्या. माझी स्कूटर जिथे लावते तिथे त्यांची म्हैस बांधलेली असायची, आणि म्हैस स्कूटरपेक्षा सरळ उभी राहायची, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं होतं.

मी वर गेले. आक्का बाल्कनीत खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या.

"आक्का, तो आरसा माझा आहे."

"तुजा कसा काय?"

"मी आधी बघितला."

"बघितला म्हंजी आपला झाला व्हय? म्या समोरच्या बिल्डिंगीतली लाल मोटार रोज बघती."

"पण त्याचं टेबल माझ्याकडे आहे."

"मंग टेबल तुजं, आरसा माजा. भांडान कशापायी?" त्यांनी पदर सारखा केला. "आन खरं सांगू का पोरी, ह्या जमिनीवर जे काय पडंल ते आमचंच हाय. जमीन इकली आमी. तिच्यावर पडलेलं न्हाई इकलं."

मी खाली येऊन हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं चेंगरलेल्या बोटावर फुंकर घातली. मग म्हणाला, "मुद्दा बिनतोड आहे. सोड."

मी आरसा सोडला, टेबल धरलं. तीन रंग खरवडता खरवडता हातांची सालटी निघाली, पण खाली सोन्यासारखं सागवान निघालं. एक खण उघडतच नव्हता. तो उघडला तेव्हा आत सांडलेल्या पावडरीचा जुना वास होता आणि एक केसांची पिन, एवढंच. आरसा येणार नाही हे मनाशी ठरवून मी खांब बसवायच्या दोन्ही खाचा लाकडाचा भुसा आणि गम घालून बुजवून टाकल्या. लिहायचं टेबल म्हणून वापरू, असं म्हटलं. पण टेबलासमोर बसलं की समोर भिंत यायची आणि आपोआप हात केसांकडे जायचा. ते टेबल मला लिहू देईना.

मग एक दिवस तिळाची वडी घेऊन पुन्हा वर गेले. उद्देश गोड होता, असं म्हणवत नाही. सूनबाईंनी दार उघडलं आणि बाल्कनीकडे बोट दाखवलं. तिथलं दार एका लाकडी खांबानं अडकवून उघडं ठेवलं होतं. माझा खांब. दुसरा खांब आक्कांच्या हातात होता आणि त्या त्यानं कबुतरं हाकलत होत्या. आणि आरसा? आरसा बाल्कनीच्या छताच्या हुकांना कपडे वाळवायच्या दोरीनं तिरका टांगलेला होता, त्यांच्या खाटेच्या बरोबर वर.

"आक्का, हा असा का टांगलाय?"

"हितं निज जरा," त्या म्हणाल्या आणि सरकल्या.

मी त्यांच्या शेजारी खाटेवर आडवी झाले. आरशात गेट दिसत होतं. वॉचमनकाका स्टुलावर बसून कान कोरत होते. भाजीची हातगाडी आली. एक बाई कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालत होती आणि तिच्या हाताच्या हालचालीवरून कोथिंबीर शिळी आहे हे आम्हाला दुसऱ्या मजल्यावर कळत होतं.

"गुडघ्यानं लई येळ उभं ऱ्हावत न्हाई. बसलं तर कठडा आडवा येतो," आक्का म्हणाल्या. "आता समदं दिसतं. कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणासंगं बोललं. सांच्याला थोरला कंपनीतनं आला की मला आदी कळतं, मंग त्याच्या बायकोला."

वडी देऊन मी खाली आले आणि नवऱ्याला म्हटलं, "आता आरसा मागायला तोंड उरलं नाही." तो जेवत होता. वर न बघता म्हणाला, "मग त्यांना दुसरा दे ना. कंपनीत कोपऱ्याकोपऱ्यावर लावलेत बघ, फुगीर गोल आरसे. फोर्कलिफ्ट एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. त्यात अख्खं वर्कशॉप दिसतं."

मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्याच दिवशी हायवेलगतच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेले. दुकानदारचाचा पांढऱ्या दाढीचे, चष्मा कपाळावर. मी फुगीर आरसा मागितल्यावर म्हणाले, "कोणत्या गाडीला लावायचाय, ताई?"

"गाडीला नाही. एका आजींना."

त्यांनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. "आजी रिव्हर्स घेतात का?"

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी मागच्या खोलीतून पार्किंगच्या वळणावर लावतात तसला मोठा आरसा काढला, त्याचा लोखंडी दांडा आणि क्लॅम्पसुद्धा शोधून दिला, आणि वर बजावलं, "उन्हात तोंड करून लावू नका. समोरच्यांच्या डोळ्यांवर जाईल."

नवऱ्यानं दांडा बाहेरच्या बाजूला उंच काढून, आरसा खाली झुकवून तो आक्कांच्या कठड्याला क्लॅम्पनं आवळला. आक्का खाटेवर पडून सूचना देत होत्या, "वर घे. आता खाली. आरं तिकडं न्हाई, गेटाकडं." मग त्यांनी हात खाली टाकला. आम्हाला वाटलं पसंत पडला नाही.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "पार चौकापातुर दिसतंय की! आन त्यो कचऱ्याचा कोपरा बी." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर मान्सं लई ल्हान दिसत्यात." आणखी थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "आमची सून बारीक दिसती ह्यात. तिला सांगू नगा, दिसभर गेटातच उभी ऱ्हाईल."

लंबगोल आरसा त्यांनी स्वतः दोरी सोडवून दिला नाही, पण "न्यावा आता, डोक्यावर लोंबतोय कवाधरनं" असं म्हणाल्या, जणू मीच तो तिथे टांगून विसरले होते. खांबही मिळाले. कबुतरांवरच्या खांबाला दोन दिवस भिजवून घासावं लागलं. मी बुजवलेल्या खाचा नवऱ्यानं पटाशीनं पुन्हा कोरल्या आणि त्या वेळी तो जे पुटपुटत होता ते मी ऐकलं नाही असं धरून चालले. काचवाला म्हणाला, काच डागाळलीय, नवी टाका. मी नको म्हटलं. कडेचे काळे डाग तोंडावर येत नव्हते, आणि आले तरी माझ्या वयाला शोभले असते.

टेबल पूर्ण झाल्याचं कळल्यावर आक्कांनी बघायला यायचा हट्ट धरला. दोन्ही मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली आणलं. लिफ्टमध्ये शिरताना त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हिरीत सोडताय व्हय रं मला?" मुलं हसली नाहीत. त्यांनी हे आधीही ऐकलेलं असावं.

मी त्यांना टेबलासमोर नेलं. त्यांनी आधी लाकडावरून हात फिरवला, कड्या वाजवून बघितल्या, खण उघडून हुंगले. मग आरसा थोडा झुकवला, गेट शोधत असल्यासारखा. गेट सापडलं नाही. स्वतः सापडल्या.

"केस पार गेलं की माजं," त्या म्हणाल्या. इतके महिने तो आरसा त्यांच्या डोक्यावर होता, पण त्यात त्यांनी स्वतःकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं तरी रस्ताच दिसायचा. मी कंगवा आणि तेल आणलं. मोठा मुलगा म्हणाला, "आक्का, चल आता, वर जाऊ." त्यांनी आरशातूनच त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर जाऊन बसला. मी त्यांचे केस विंचरले, बारीकशी वेणी घातली, मग त्यांनी ती सोडून पुन्हा घालायला लावली. कारण भांग वाकडा होता. चहा झाला, दुसरा झाला.

उठताना म्हणाल्या, "ब्येस झालंय. पर ह्यात मला मीच दिसती. त्यात काय बगायचं रोज? त्यापरीस गेट बरं."

त्यानंतर त्या माझ्या कामात भागीदार झाल्या. कचऱ्याचा कोपरा त्यांच्या गोल आरशात येत असल्यामुळे काही पडलं की सगळ्यांत आधी त्यांना कळायचं आणि लगेच माझा फोन वाजायचा. "ये बिगीबिगी, पाटाचं जोडपं आलंय." "एक कपाट हाय, पर पत्र्याचं हाय, नगं येऊस." त्यांच्यामुळे मला एक घडीची आरामखुर्ची मिळाली आणि एक देवघर, ज्यात आता आमचा वायफायचा डबा असतो. त्या मोबदला मागत नसत, पण दुरुस्त झालेली वस्तू त्यांना आधी दाखवावी लागे, आणि चार घरांतल्या बायकांसमोर "आमी केलं" असं म्हणू द्यावं लागे.

मागच्या महिन्यात एका दुपारी फोन आला. आवाजात घाई होती. "पोरी, पळ! झकास येताचं इष्टूल हाय. निळ्या सदऱ्याचा एक मानूस ठिवतोय. पाठमोरा हाय, वळखू येत न्हाई, आन ह्यात तर त्यो मुटभर दिसतोय."

मी हात पुसत धावले. कोपऱ्यात निळ्या शर्टातला माणूस वेताचं स्टूल भिंतीला नीट टेकवून ठेवत होता. मागच्याच आठवड्यात मी निगडीहून रिक्षात घालून आणलेलं, आक्कांनी हलवून बघितलेलं स्टूल. माणूस वळला. माझा नवरा.

त्यानं स्टुलावरचा हात मागे घेतला.

"मी फक्त हवेला ठेवत होतो," तो म्हणाला.

"कचऱ्याच्या डब्याजवळ?"

"इथे वारा चांगला असतो."

वरून कबुतरं उडाली. नवऱ्यानं मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या कठड्याकडे पाहिलं, ज्यावर त्यानं स्वतःच्या हातानं क्लॅम्प आवळला होता. मग स्टूल उचललं आणि घराकडे निघाला. मी त्याच्या मागे. दारात पोहोचतो तोच पुन्हा फोन वाजला.

"त्या मानसानं उचललं का गं परत?" आक्कांनी विचारलं.

"उचललं, आक्का."

"बरं झालं. त्याला म्हनावं, खालनं धर. त्याचा एक पाय हालतोय."