परेडीतला हुकमाचा एक्का

देव चेहरे वाटत होता तेव्हा हा इस्त्रीवाला नक्कीच रांगेत शेवटी उभा असणार. पुढच्यांनी नाकीडोळी नीटस माल उचलून नेला आणि याच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. भुवया एकमेकींना भिडलेल्या, कपाळ बसकं, लहानपणी जिन्यावरून पडल्याचा गालावर लांबलचक व्रण, आणि जबडा असा की ‘या, बसा’ म्हटलं तरी समोरच्याला दम दिल्यासारखं वाटावं. स्वभावाने मात्र गरीब गाय. गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेली नोट असो, नाणं असो, नाहीतर बायकोपासून लपवलेली लॉटरीची तिकिटं असोत, सगळं कागदाच्या पुडीत बांधून तो त्याच शर्टाच्या कॉलरला टाचणीने अडकवायचा. एवढ्या वर्षांत एक पुडी इकडची तिकडे झाली नव्हती. पण पुडी कोण बघतो? लोक तोंड बघतात.

त्याचं टेबल पोलीस ठाण्याच्या कुंपणाला लागून होतं. जागा वडिलांपासूनची. ठाण्यातल्या वर्दीच्या कडक घड्या याच्याच हातच्या, त्यामुळे तिथून कुणी हटकत नसे. ही सोय त्याला पुढे चांगलीच भोवली.

चोरीच्या संशयावरून कुणाला धरलं की त्याला सात-आठ माणसांच्या रांगेत उभं करतात. बाकीची माणसं निव्वळ भरतीची, रस्त्यावरून हाक मारून आणलेली. साक्षीदार येतो, रांगेसमोरून चालतो, आणि ज्याला पाहिलं असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. याला ओळख परेड म्हणतात. एकदा परेडीला माणूस कमी पडला तेव्हा हवालदार कुंपणावरून ओरडला, “अरे, इस्त्री ठेव बाजूला, पाच मिनिटं येऊन उभा राहा!”

हा गेला. लुटला गेलेला एक औषधवाला आला, त्याने बाकीच्यांकडे नजरसुद्धा टाकली नाही आणि सरळ याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे पोट धरून हसले. औषधवाला ओशाळला. हाही हसला, करतो काय! पुढच्या परेडीत एका टॅक्सीवाल्याने तेच केलं, त्यानंतर एका नर्सने. हवालदाराने त्याचं नाव ठेवलं हुकमाचा एक्का.

हवालदार मात्र हसता हसता धंदा शिकला. धरलेल्या माणसाचे नातेवाईक त्याला कँटीनमागे भेटायचे, मग परेडीत एक्का उभा राहायचा. साक्षीदाराचा हात एक्क्यावर, आणि खरा चोर मोकळा. एक्क्याला एक चहा. पुष्कळ दिवस त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही, आणि शिरलं तेव्हा त्याने ते गिळलं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? शिवाय, खरं सांगायचं तर, आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी खास म्हणून हाक मारत होतं. माणसाला मान कशाचाही चालतो.

बायकोला नाही चाललं. ती म्हणाली, “आग लागो त्या परेडीला! रोज हात ठेवून घेताय, एक दिवस तो हात चिकटेल.”

“अगं, सगळ्यांना माहीत आहे मी कोण ते.”

“माहीत आहे तोवर ठीक आहे,” ती म्हणाली.

कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवणारे एक सर त्याचे जुने गिऱ्हाईक. कपडे टाकून ते तिथेच स्टुलावर बसायचे आणि वर्गात जे पोरांना सांगायचं ते आधी याला सांगून बघायचे. एकदा याने विचारलं, “सर, चोराचं तोंड वेगळं असतं का हो?”

सरांना तेवढंच हवं होतं. “एके काळी मोठमोठे विद्वान तसंच मानायचे. कपाळं मोजायचे, जबडे मोजायचे, म्हणायचे, गुन्हेगार जन्मालाच असा येतो. सगळं मोडीत निघालं! तेच जबडे सरळ माणसांनाही असतात हे मोजून सिद्ध झालं. माणूस गुन्ह्याकडे वळतो त्याला शंभर कारणं असतात. संगत, संधी, गरज, हाव, आणि पकडले जाणार नाही हा भरवसा. त्यात तोंड कुठेच नाही.”

“मग सगळे मलाच का धरतात?”

“कारण घाबरलेला माणूस चोराला नीट बघतच नाही. आठवणीला भोकं पडतात. ती भोकं तो आपल्या मनातल्या चोराने बुजवतो. आणि तू,” सर हसले, “तू बरोबर त्या भोकाच्या मापाचा आहेस.”

हे त्याला इतकं आवडलं की त्या दिवशी सरांच्या पँटमध्ये सापडलेली नोट त्याने दोन टाचण्यांनी लावून दिली.

मग मागच्या गल्लीत, एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या घरी भरदुपारी चोरी झाली. चोराने त्यांना ढकललं, मनगट मोडलं. पोलिसांनी ज्याला धरलं तो नर्सच्या परेडीतून सुटलेलाच गडी होता. त्याचा भाऊ कँटीनमागे येऊन गेला आणि हवालदाराने कुंपणावरून हाक मारली.

या वेळी ठाण्यात नवे साहेब आले होते. बाई प्लास्टरमधला हात सावरत रांगेसमोर आल्या आणि त्यांनी आधी हात ठेवला तो भरतीला उभ्या असलेल्या बँकेतल्या कारकुनावर. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, भांग. साहेब नरमाईने म्हणाले, “बाई, घाई नाही. पुन्हा एकदा नीट बघा.”

बाईंनी नीट बघितलं. इस्त्रीवाल्याशी येऊन थबकल्या. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होताच, रोज भाजीला जाताना त्या त्याच्या टेबलासमोरून जायच्या. पण कुठे पाहिला ते त्या क्षणी आठवेना, आणि चोरी मात्र आठवत होती. त्यांनी हात ठेवला. आता ‘नीट बघा’ असं कुणी म्हणालं नाही.

कुणी हसलंही नाही. कुणीतरी हळूच म्हणालं की साहेब, हा आपला एक्का, याच्यावर सगळेच हात ठेवतात. साहेबांनी मान वळवली. “इतकी वेगवेगळी माणसं एकाच माणसावर हात ठेवतात, आणि तुम्ही त्यातून काय शिकलात? हसायला?”

हवालदाराकडे याने बघितलं. एक शब्द पुरला असता. हवालदार टोपीवरची धूळ झटकत राहिला, कारण तो शब्द बोलला की कँटीनमागचं सगळं बाहेर आलं असतं.

याला आत टाकलं. औषधवाला, टॅक्सीवाला, नर्स, सगळ्यांच्या चोऱ्या आता त्याच्याच. बायको धावत ठाण्यात आली. “साहेब, त्या दुपारी हे टेबलावरच होते. मीच डबा घेऊन आले होते, समोर बसून जेवले.”

“तीच दुपार होती?”

“हो, साहेब.”

“नीट आठवा. आदल्या दिवशीची नव्हे? डबा तर तुम्ही रोजच आणता.”

तीन-चार दिवस तिला बोलावून तेच विचारलं. नीट आठवा, नीट आठवा. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, “तीच असावी.” साहेबांनी ‘असावी’ लिहून घेतलं.

सुटका झाली ती कुणाच्या शहाणपणामुळे नव्हे. दुसऱ्या वस्तीत एक चोर भिंतीवरून उतरताना पाय मोडून पडला, त्याच्या घरी बाईंच्या बांगड्या निघाल्या. तोच तो, परेडीतून दोनदा घरी गेलेला. साहेब म्हणाले, “जा आता. आणि तोंड सांभाळून राहा.” म्हणजे काय करायचं, ते त्यांनाच ठाऊक.

टेबल पुन्हा मांडलं. वर्दीचे कपडे आले नाहीत. सर आले, स्टुलावर बसले, फार हळहळले. “अरे, हे अगदी पुस्तकातलं उदाहरण आहे! एकदा शिक्का बसला की लोक माणूस बघत नाहीत, शिक्का बघतात. मी उद्याच वर्गात सांगणार आहे.” बोलता बोलता त्यांनी शर्ट-पँटचे सगळे खिसे एकेक करून चाचपले, उलटे करून बघितले, आणि मग गठ्ठा पुढे सरकवला. “सहा नग आहेत हं,” ते म्हणाले. नग त्यांनी आजवर कधी मोजले नव्हते. सरांचं ज्ञान खोटं नव्हतं, फक्त ते बोटांपर्यंत पोचलं नव्हतं.

याला राग आला, पण तो गिळायची सवय होती. घर आहे, बायको आहे, जगाला लागू दे आग, असं म्हणत तो घरी गेला.

तिने ताट वाढलं. समोर बसली. “एक विचारू? रागावू नका.”

“विचार की.”

“त्या दुपारी तुम्ही बाईंच्या घरी नव्हतातच ना?”

त्या बसक्या कपाळाखालून तो तिच्याकडे बघत राहिला, आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती त्याच्या चेहऱ्याला दचकली.

“त्या दुपारी डबा कुणी आणला होता?” त्याने हळू आवाजात विचारलं.

ती नीट आठवू लागली.